एक्स-रे साफ, तरी ढेकळावर घोटा दगा का देतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, कुठं चुकलो तर सांगा. वय ३४, दारव्हा तालुक्यात कोरडवाहू कपाशी आणि तूर. ऑगस्टमध्ये पाठीवर १६ लिटरचा भरलेला फवारणी पंप, धुऱ्यावरून वावरात उतरताना डावा पाय आत मुरगळला. संध्याकाळपर्यंत बाहेरचा घोटा टम्म सुजला. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला, हाड शाबूत निघालं, क्रेप बँडेज आणि ५ दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. आता साडेतीन महिने झाले. डांबरी रस्त्यावर काही त्रास नाही, पण वेचणीला वावरात गेलं की आठवड्यातून दोन-तीनदा ढेकळावर घोटा आत वळतो. शिवाय उकिडवं बसताना घोट्याच्या समोर काहीतरी अडकल्यासारखं आवळतं. चोळणारा म्हणतो शीर चढली, शेजारी म्हणतो बिब्बा लाव. आणि तुम्ही विचारता, "हाड सटकलं असन का जी? एमआरआय काढू का?"

मी फिजिओथेरपिस्ट आहे, अस्थिरोगतज्ज्ञ नाही. गेली १९ वर्षं विदर्भातल्याच एका तालुक्याच्या गावी काम करतो आणि मुरगळलेले घोटे हा माझ्या दवाखान्यातला हंगामी माल आहे. एक लाट पावसाळ्यात धुरे निसरडे झाले की येते, दुसरी वेचणीच्या दिवसांत, काळ्या मातीला भेगा पडल्यावर. त्यामुळे तुमचं दुखणं ओळखीचं आहे. तरी पाय हातात न घेता मी निदान करू शकत नाही, हे धरून चला. तुमची शुगर वाढलेली आहे का, हा घोटा आधी कधी मुरगळला होता का, तुमचे सांधे मुळातच सैल आहेत का, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. मी फक्त माझा विचार कसा चालतो तेवढं सांगतो.

पहिली गोष्ट, तुम्ही एक दुखणं सांगितलंत, पण त्यात तक्रारी दोन आहेत. ढेकळावर पाय वळणं ही एक आणि उकिडवं बसताना आवळणं ही दुसरी. त्या दोन वेगळ्या सांध्यांच्या आहेत. आपण "घोटा" म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर एकच बिजागरी असते. प्रत्यक्षात तिथं एकावर एक असे दोन सांधे आहेत आणि त्यांच्या पुढं पंज्यात आणखी सांध्यांची रांग लागते. एका पायात २६ हाडं आणि ३३ सांधे. "घोटा दुखतो" हे वाक्य म्हणजे "गावात भांडण झालं" असं सांगण्यासारखं आहे. कोणाच्या घरी, ते कळल्याशिवाय मिटवायचं कसं?

वरच्या सांध्यापासून सुरू करू. नडगीचं जाड हाड आणि तिच्या बाहेरच्या अंगाला असलेलं बारीक हाड, या दोघांची खालची टोकं मिळून एक खाच तयार होते. आतल्या आणि बाहेरच्या बाजूला हाताला लागतात ती दोन टेंगळं म्हणजे या खाचेच्या दोन भिंती. सुताराने लाकडात खाच पाडून दुसरा तुकडा त्यात बसवावा, तसं या खाचेत एक हाड बसलेलं असतं. त्याचं नाव टॅलस. मला हे हाड फार आवडतं, कारण ते विचित्र आहे. अख्ख्या शरीराचा भार त्याच्यावरून पायात उतरतो, पण त्याला एकही स्नायू चिकटलेला नाही. वरून नडगीचा दाब, खालून टाचेचा रेटा, आणि त्याला स्वतःहून ओढून धरणारी दोरी एकही नाही. त्याचा निम्म्याहून जास्त पृष्ठभाग गुळगुळीत कूर्चेनं, म्हणजे सांध्यातल्या अस्तरानं, झाकलेला असतो, म्हणून रक्तवाहिन्यांना आत शिरायला जागाही थोडीच. टॅलसचं हाड मोडलं की सर्जन मंडळी गंभीर होतात ती त्यामुळेच.

आता तुमच्या कामाची गोष्ट. टॅलसचा वरचा भाग पुढं रुंद आणि मागं अरुंद असतो. फरक काही मिलिमीटरचाच, पण सगळं गणित त्यावर आहे. पंजा वर ओढला, किंवा पाय जमिनीवर ठेवून गुडघा पुढं नेला, की टॅलसचा रुंद भाग खाचेत शिरतो आणि सांधा पाचर मारल्यासारखा घट्ट होतो. पंजा खाली गेला की अरुंद भाग खाचेत येतो आणि सांधा थोडा खुळखुळा होतो. धुऱ्यावरून उतरताना तुमचा पंजा कसा होता ते आठवा. खाली झुकलेला. म्हणजे सांधा सगळ्यात ढिला असताना, पाठीवर वीसेक किलो वजन घेऊन, तुम्ही त्यावर सगळा भार टाकलात. शिवाय आतल्या बाजूचं टेंगूळ बाहेरच्यापेक्षा सुमारे एक सेंटिमीटर वर असतं, म्हणून तळपाय आतल्या बाजूला वळायला वाट मोकळी असते, बाहेर वळायला हाड आडवं येतं. स्वतःचे दोन्ही घोटे चाचपून बघा, लगेच कळेल.

या खाचेला बाहेरच्या अंगानं तीन बंध आहेत, ज्यांना आपण लिगामेंट म्हणतो. एक पुढं टॅलसकडे जातो, एक खाली टाचेच्या हाडाकडे आणि एक मागं. पुढचा बंध तिघांत नाजूक, आणि पंजा खाली झुकलेला असताना ताणला जातो तोच. म्हणून मुरगळताना आधी तो जातो, जोर जास्त असेल तर मधला, आणि मागचा क्वचितच. आतल्या बाजूचा बंध मात्र पंख्यासारखा पसरलेला आणि दांडगा आहे. त्याच्यावर जोर आला तर कधी कधी तो तुटण्याऐवजी हाडाचा कपचाच उपटून काढतो. एक्स-रेत हाडं दिसतात, बंध दिसत नाहीत. तुमचा एक्स-रे साफ आहे याचा अर्थ एवढाच की खाचेच्या भिंती उभ्या आहेत. त्या भिंतींना बांधणाऱ्या दोरीबद्दल तो गप्प आहे.

तालुक्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला ते योग्यच केलं, तक्रार नाही. कोणाचा काढायचा यासाठी १९९२ मध्ये कॅनडातल्या ओटावा इथल्या डॉक्टरांनी सोपे नियम बसवले आणि ते मी रोज वापरतो. घोट्याच्या टेंगळाच्या मागच्या कडेवर, खालून ६ सेंटिमीटरपर्यंत, बोट दाबून हाडावरच कळ येते का. करंगळीच्या बाजूला पायाच्या मध्यावर जे हाड टोचतं तिथं, किंवा आतल्या बाजूला कमानीच्या टोकाशी दुखतं का. आणि मुरगळल्यावर लगेच, तसंच दवाखान्यातही, लंगडत का होईना, चार पावलंही टाकता येत नाहीत का. यातलं काही असेल तर एक्स-रे काढायचा. गावाकडे कोणाचा पाय मुरगळला आणि रात्री गाडी मिळत नसेल, तर किमान ही चार पावलं तपासून बघा.

बरं, सूज उतरल्यावरही उकिडवं बसताना का आवळतं? उकिडवं बसताना टाच जमिनीवर आणि गुडघा पंज्याच्याही पुढं जातो. म्हणजे टॅलसचा रुंद भाग खाचेत पूर्ण शिरला पाहिजे, आणि त्यासाठी टॅलसला थोडं मागं सरकावं लागतं. मुरगळलेल्या पायाला आठवडाभर बँडेज आणि नंतर महिनाभर जपून चालणं झालं की समोरचं आवरण जाड आणि मागची पोटरी आखूड होते. टॅलस मागं सरकायला तयार होत नाही आणि समोर चिमटा बसतो. हा वरच्या सांध्याचा दोष. शहरातल्या माणसाला तो कदाचित कळतही नाही, कारण तो दिवसभर खुर्चीत असतो. तुम्हाला निंदणात, गोठ्यात, संडासला, जेवायला सगळीकडे कळतो.

नडगीच्या दोन हाडांना खालच्या टोकाशी जोडणारा एक सांधा आणखी वर आहे. तो दुखावला तर कळ घोट्याच्या थोडी वर, समोरून येते आणि नडगीची दोन हाडं पोटरीच्या मध्यावर हातानं चिमटून दाबली की खाली घोट्यापाशी दुखतं. तुमच्या वर्णनात तसं काही नाही, तरी एकदा दाबून बघा. दुखलं तर मी पुढं सांगतोय तो व्यायाम थांबवा आणि आधी दाखवून घ्या, कारण त्याचा हिशोब वेगळा असतो.

आता खालचा सांधा, टॅलस आणि टाचेच्या हाडामधला. याला मी मनातल्या मनात वावराचा सांधा म्हणतो. वरचा सांधा पंजा वर-खाली करतो, हा टाच आत-बाहेर कलवतो. डांबरी रस्त्यावर त्याला फारसं काम नसतं. वखरलेल्या रानात, पांदणीतल्या चाकोरीत, भेगाळलेल्या काळ्या मातीत मात्र प्रत्येक पावलाला जमीन वेगळी तिरकी असते. तळपाय त्या तिरकेपणाशी जुळवून घेतो आणि नडगी सरळ उभी राहते, ते या सांध्यामुळे.

पोळ्याला बैल सजवताना त्याच्या मागच्या पायातला मागं वळलेला कोन बघितला असेल. बरेच जण त्याला उलटा गुडघा म्हणतात. तो बैलाचा घोटा आहे. त्याची टाच हवेत असते आणि तो खुरांवर, म्हणजे बोटांच्या टोकांवर चालतो. त्याचा घोटा पुढं-मागं मस्त चालतो, पण आत-बाहेर कलण्याची सोय माणसासारखी नाही. बैलाला ते चालतं, कारण चार पाय आहेत. आपल्याला प्रत्येक पावलाला काही क्षण एकाच पायावर उभं राहावं लागतं.

जयपूर फूट हे नाव तुम्ही ऐकलं असेल. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि ऑर्थोपेडिक सर्जन डॉ. प्रमोद करण सेठी यांनी हा कृत्रिम पाय घडवला. तेव्हा बाहेरून येणाऱ्या कृत्रिम पायाचा घोटा ताठ असायचा आणि त्यावर बूट लागायचा. तो घालून आपल्या माणसाला ना उकिडवं बसता यायचं, ना अनवाणी रानात चालता यायचं. जयपूरच्या पायात रबर अशा तऱ्हेनं वापरलं की पंजा वरही वाकतो आणि आत-बाहेरही कलतो. म्हणजे तुमच्या दोन तक्रारींच्या जागी जे दोन सांधे आहेत, नेमक्या त्यांचीच कामं त्या पायाला शिकवावी लागली. माझ्याकडे येणारे एक काका तो घालून तुरीची सोंगणी करतात.

तुमचा खालचा सांधा घरी कसा तपासायचा? बसा, पंजा पूर्ण वर ओढा. आता रुंद भाग खाचेत अडकला, वरचा सांधा बंद. मग टाच मुठीत धरून आत-बाहेर हलवा. जी हालचाल मिळेल ती खालच्या सांध्याची. दोन्ही पायांची तुलना करा. डावा फारच सैल वाटतो की उलट आखडलेला? बाहेरच्या टेंगळाच्या किंचित पुढं आणि खाली एक खळगा आहे, तिथं अंगठा दाबा. तिथंच नेमकी कळ असेल तर वर्दी खालच्या सांध्याची आहे.

पण ढेकळावर घोटा वळतो त्याला निव्वळ सैलपणा कारण असेलच असं नाही. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याबद्दल. बंध म्हणजे फक्त दोरी नाही. त्याच्यात आणि सांध्याच्या आवरणात बारीक मज्जातंतूंची टोकं असतात, जी मेंदूला सारखी खबर देतात की पाय किती कलला, किती ताण आला. फ्रीमन नावाच्या ब्रिटिश सर्जननं १९६५ मध्ये मांडलं की मुरगळल्यावर "पाय धोका देतो" असं सांगणाऱ्यांत पुष्कळदा ही खबर तुटलेली असते, आणि हलत्या फळीवर तोल सांभाळण्याचा सराव केला तर ते सुधारतात. बंध तुटला की दोरीबरोबर टेलिफोनची तारही तुटली असं समजा.

पोटरीच्या बाहेरच्या अंगाला दोन स्नायू आहेत, पेरोनियल. त्यांच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या, बाहेरच्या टेंगळाच्या मागून, कप्पीवरून दोर जावा तशा, तळपायाकडे जातात. घोटा आत वळायला लागला की त्याला बाहेर खेचून सरळ करणारे हेच. अडचण अशी की घोटा वळतो तो वेग फार मोठा असतो. खबर मेंदूकडे जाऊन हुकूम परत येईपर्यंत पाय वळून झालेला असतो. निरोगी माणूस वाचतो तो पळापळ करून नव्हे. पाऊल टेकायच्या आधीच स्नायू किंचित ताठ झालेले असतात आणि मेंदूला अंदाज असतो की पुढं ढेकूळ आहे. तुमच्या डाव्या पायाचा तो अंदाज गेलाय. रस्त्यावर अंदाजाची गरज नाही, म्हणून तिथं ठीक. वावरात गरज आहे, म्हणून तिथं दगा.

खात्री करायची असेल तर भिंतीजवळ उजव्या पायावर उभे राहा, डोळे मिटा, मनात आकडे मोजा. मग डाव्यावर. बहुतेकांना इथंच हसू येतं, कारण डावा पाय पाच-सात आकड्यांत हार मानतो.

चोळणाऱ्याबद्दल दोन शब्द. "शीर चढली" या निदानाला मी पूर्ण हसत नाही. त्या कंडरा टेंगळाच्या मागून निसटून खरंच पुढं येऊ शकतात आणि पाय फिरवताना टेंगळावरून कट्कन उडी मारताना बोटाला लागतात. तसं असेल तर चोळून ती जागेवर राहणार नाही, सर्जनलाच दाखवावं लागेल. "हाड सटकलं" मात्र नाही. टॅलस सटकलं असतं तर तुम्ही वेचणीला गेलाच नसता. आणि बिब्बा लावू नका. बिब्बा उतला की काय होतं ते मी पाहिलंय. मुरगळलेला घोटा तीन आठवड्यांत बरा होणार होता आणि फोडांची जखम तीन महिने वाहत होती. तुरटी-आंबेहळदीचा कोमट लेप लावायचा तर लावा, त्यानं नुकसान होणार नाही, पण तुटलेली खबर लेपानं जुळत नाही.

पंज्यातल्या सांध्यांबद्दल थोडक्यात, कारण तुमचं दुखणं तिथलं नसावं. टॅलस आणि टाचेच्या पुढं आडव्या रेषेत एक सांधा आहे, शोपार या फ्रेंच सर्जनच्या नावाचा. त्याच्या पुढं, पाचरीच्या आकाराची तीन हाडं आणि बोटांची लांब हाडं जिथं भेटतात, तो लिस्फ्रँकचा. दोघांची नावं सांध्यांना मिळाली ती त्या रेषेतून पाय कापायच्या पद्धतींमुळे. काळ तसा होता. टाच आत कलली की शोपारचा सांधा कुलपासारखा बंद होतो आणि पाय ताठ तरफ बनतो, टाच बाहेर कलली की मोकळा होतो आणि पाय जमिनीवर पसरतो. चवड्यावर उचलताना अंगठा वर वाकला की तळपायातला जाड पडदा रहाटावरच्या दोरासारखा ताणतो आणि कमान उचलली जाते. एवढं तुमच्यासाठी पुरे.

लिस्फ्रँकबद्दल मात्र एक कबुली देतो. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी एक तरुण आला. पांदणीच्या चिखलात मोटारसायकल पडली होती आणि पंजा खाली दबला होता. एक्स-रे झोपवून काढलेला, साफ. मी घोट्याची लचक समजून सहा आठवडे व्यायाम करून घेतला. तळपायाच्या मध्यावर निळा डाग होता, तो पाहिला आणि सोडून दिला. शेवटी उभं करून, भार देऊन एक्स-रे काढला तेव्हा पहिल्या दोन लांब हाडांच्या मुळांमध्ये फट दिसली. त्या दोन हाडांना एकमेकांशी बांधणारा बंधच निसर्गानं दिलेला नाही. सगळी भिस्त पाचर-हाडापासून दुसऱ्या हाडाकडे जाणाऱ्या एका तिरक्या बंधावर, आणि तो गेलेला होता. त्याची कमान पुढं बसली ती बसलीच. तेव्हापासून मुरगळलेला पाय आला की मी आधी तळवा उलटा करून बघतो. तुमच्या तळव्यावर त्यावेळी काळा-निळा डाग आला होता का, हे घरी विचारून घ्या. आला असेल तर उभं राहून एक्स-रे काढायला सांगा.

आता काय करायचं. तुमचा वरचा सांधा आखडलाय आणि खालच्याची राखण करणारी खबर तुटलीय, असं मी तूर्त धरून चालतो.

आधी माप घ्या. भिंतीसमोर डावा पाय ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. लागला तर पाय थोडा मागं घ्या, पुन्हा लावा. टाच उचलल्याशिवाय गुडघा जिथवर लागतो, तिथं अंगठ्याचं टोक आणि भिंत यांतलं अंतर पट्टीनं मोजा. दोन्ही पायांत दोन सेंटिमीटर किंवा जास्त फरक आला तर आवळण्याचं कारण सापडलं समजा.

सैल करण्यासाठी माझा गावठी उपाय आहे. सायकलची जुनी ट्यूब गोठ्यातल्या खुंट्याला जमिनीलगत बांधा. खुंट्याकडे पाठ करून उभे राहा, ट्यूबचा फास घोट्याच्या समोर, दोन्ही टेंगळांच्या अगदी खाली घाला, म्हणजे ट्यूब टॅलसला मागं ओढेल. पाऊल पुढं टाकून टाच दाबून ठेवा आणि गुडघा हळूहळू पुढं न्या. पंधरा वेळा, तीनदा. समोर चिमटा कमी वाटला पाहिजे. कळ वाढली तर फास चुकीच्या जागी आहे, बहुतेक वेळा तो वर नडगीवर सरकलेला असतो.

पेरोनियलसाठी तीच ट्यूब. खाटेवर बसून पंज्याभोवती घाला, दुसरं टोक उजव्या बाजूला अडकवा आणि पंजा बाहेर ओढा. गुडघा हलू देऊ नका. मग उंबरठ्यावर चवड्यानं उभं राहून टाचा वर-खाली. आधी दोन्ही पायांवर, आणि महिन्याभरात एकट्या डाव्यावर वीस-पंचवीसपर्यंत गेलं पाहिजे.

आणि तोल. दात घासताना डाव्या पायावर उभे राहा, रोज. जमलं की डोळे मिटून. तेही जमलं की घडी घातलेल्या गोधडीवर, मग अर्ध्या भरलेल्या पोत्यावर. शेवटी रिकाम्या हातानं, उजेडात, ढेकळांतून सावकाश चालणं, आधी बूट घालून, नंतर अनवाणी. लोक ट्यूबचा व्यायाम मनापासून करतात आणि तोलाचा सोडून देतात, कारण त्यात घाम येत नाही. तुमच्या बाबतीत उलटा क्रम लावा. वेळ नसेल तर ट्यूब सोडा, तोल सोडू नका. सहा ते आठ आठवडे नेटानं केल्याशिवाय फरक पडला की नाही हे ठरवू नका. तोवर वेचणीला जाताना लेस बांधायचा घोट्याचा पट्टा वापरलात तर बरं. दिवसभर घरात घालून बसू नका.

एमआरआय आत्ता नको, असं माझं मत. त्यात पुढचा बंध फाटलेला दिसेल, आणि तो आपल्याला तसाही माहीत आहे. उपचार बदलणार नाही. आठ आठवड्यांनंतरही घोटा वळतच असेल तर एमआरआय आणि अस्थिरोगतज्ज्ञ. फाटलेला बंध आखूड करून पुन्हा शिवण्याची शस्त्रक्रिया स्वीडनच्या ब्रोस्ट्रॉम यांनी १९६६ मध्ये मांडली आणि थोड्याफार फरकानं ती आजही होते. पण व्यायामाचा पुरा डाव खेळून झाल्यावर.

काही गोष्टींसाठी मात्र आठ आठवडे थांबू नका. घोट्याच्या आत खोलवर दुखतं, मध्येच सांधा अडकतो आणि सूज रोज संध्याकाळी येते, तर टॅलसच्या कूर्चेला मार लागलेला असू शकतो आणि तेव्हा एमआरआय आधी. कंडरा उडी मारत असेल तर आधी. आणि शुगर असेल, पाय गरम आणि लाल सुजलेला असेल पण दुखत मात्र फारसा नसेल, तर त्या पायावर एक पाऊलही टाकू नका, त्याच दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी जा. बधिर पायातली हाडं न दुखता खचत जातात आणि माणूस त्यावर वेचणी करत राहतो.

भिंतीचं माप आणि डोळे मिटून उभं राहण्याचे सेकंद, दोन्ही पायांचे, आजच्या तारखेसह एका कागदावर लिहून ठेवा. दर दोन आठवड्यांनी पुन्हा घ्या. कुठंही दाखवायला गेलात तर एक्स-रेबरोबर तो कागदही न्या, माझ्यासारख्याचा अर्धा तास वाचेल. आणि तुरीवर फवारणी आलीच, तर रिकामा पंप घेऊन धुरा उतरा, पाणी खाली वावरात भरा.